दीड फेरा

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांनी शेतात फिरायला चार जाड चाकांची मोटरसायकल घेतली. बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या मालकाकडून, जुनी, मला न विचारता. त्यांची सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत मीटर आणि व्हॉल्व्ह लावण्यात गेलेली, त्यामुळे जुन्या यंत्राची त्यांना धास्ती नव्हती. मला मात्र कळलं होतं की आता माझे रविवार गेले.

मही नदीच्या बाजूला आमची थोडी चिकूची झाडं आहेत. तिथे ती गाडी पहिल्या दिवसापासून छळू लागली. चोक ओढलेला असेपर्यंत नीट चालायची. सोडला की इंजिन आपणहून भणाणायचं आणि ॲक्सिलरेटर दिला की खोकून बंद पडायचं.

"कार्बोरेटर कुणीतरी बिघडवून ठेवलाय," बाबा म्हणाले. "आपण लावू."

आपण म्हणजे मी. त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून ते प्लास्टिकच्या खुर्चीत आणि मी जमिनीवर आडवी, हातातला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरच्या हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवर.

"हलक्या हाताने पूर्ण आवळ. आता दीड फेरा उलटा सोड. किती झाला?"

"दीड."

"सव्वा वाटला मला."

"बाबा, स्क्रू माझ्या हातात आहे."

"पुन्हा आवळ."

दोन रविवार हेच. दीड, पावणेदोन, दोन. प्रत्येक वेळी गाडी गरम होईपर्यंत थांबायचं, मग ती बंद पडायची, मग बाबा वहीत काहीतरी लिहायचे. माझ्या मनगटावर इंजिनचा चटका बसला तेव्हाही ते म्हणाले, "हात जरा मागून घालायचा."

मधल्या आठवड्यात ऑफिसमधून येताना मी गोरव्याच्या एका गॅरेजवाल्याला गाडीच्या स्पार्क प्लगचा फोटो दाखवला. त्याने फोन डोळ्यांजवळ धरला. "बेन, प्लग सफेद छे. क्यांकथी वधारानी हवा खेंचे छे. स्क्रूने अडता नहीं."

घरी येऊन बाबांना सांगितलं, कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय, स्क्रूला हात लावू नका म्हणतो. "गाडी न बघता निदान करतो," एवढंच बोलून ते आमटी वाढून घेऊ लागले.

तिसऱ्या रविवारी मी स्क्रूला हात लावायला नकार दिला.

"मग येतेस कशाला?" बाबांनी विचारलं.

"नाहीतर तुम्ही एकटे रिक्षा करून याल म्हणून."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. इंजिन तसंच भणाणत होतं. मी उठायला म्हणून हाताला लागेल त्याचा आधार घेतला, आणि आवाज एकदम खाली आला. हात काढला, पुन्हा वर. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा एक जाड तुकडा असतो, त्यावर माझा तळवा पडला होता. गाडी बंद करून तो वाकवून पाहिला तर खालच्या अंगाला बोटभर चीर. सगळी हवा तिथून आत जात होती.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हं," म्हणाले.

नवं रबर मिळायला दहा दिवस लागले. ते बसवल्यावर मी पुन्हा आडवी झाले, स्क्रू आवळला, दीड फेरा सोडला. चोक बंद केला तरी इंजिन एका लयीत चालत राहिलं. ॲक्सिलरेटर दिला, खोकलं नाही.

"बघ," बाबा म्हणाले. "दीडच बरोबर होतं. मी पहिल्या दिवशी सांगितलेलं."

"आणि चीर?"

"ती होती, पण दीड चुकीचं नव्हतं."

मी वाद घातला असता तर आणखी एक रविवार गेला असता. बाबांनी माझ्या खांद्यावर हात टेकून पाय पलीकडे टाकला आणि बांधाच्या कडेने, पार टोकाच्या झाडांकडे गाडी नेली. सात-आठ महिने ते तिकडे गेले नव्हते. मी स्क्रू-ड्रायव्हर, पाने, चिंध्या गोळा करत बसले. हाताचं ग्रीस निघता निघेना.