लिदीतला खिळा

सुपातली भगर अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात मागच्या दाराशी हौशीरामची हाक आली, "मावशी, लीद ठेवलीय वो!" शालूबाईंनी सूप ओट्यावर सारलं आणि पदर खोचून त्या परसात गेल्या. तोवर पोतं टाकून हौशीराम गेलाही होता.

खंडाळ्यातल्या बंगल्यांच्या पाठीमागे जी बैठी घरं आहेत, त्यातलं शालूबाईंचं एक. परसात नुसता मुरूम. त्या वडिवळ्याच्या, भातखाचरांच्या चिखलात वाढलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. हौशीरामची घोडी, राणी, पॉइंटावर पर्यटकांना फिरवते. तिची लीद शालूबाई मागून घेतात, पालापाचोळ्यासोबत रचून ठेवतात आणि तिच्यातली आग निवली, की वाफ्यात कालवतात. आता त्या वाफ्यात मनगटापर्यंत हात रुततो. घटाला रोज चढणारी झेंडूची माळ याच मातीतली.

ढीग दाबायचा तो पायांनी. माहेरची चिखलणीची सवय, ती कुठे जाते! त्यात हे नवरात्र, म्हणजे पायात चप्पल नाही. ओंकारचा टेम्पो घाटात उलटला आणि पोरगा देवीच्या कृपेने जिता घरी आला, तेव्हापासून त्याच्यासाठी शालूबाई नऊ दिवस अनवाणी असतात.

नवं पोतं रिकामं करून त्या तुडवायला लागल्या आणि टाचेत काहीतरी खसकन घुसलं. घोड्याच्या नालेचा खिळा! त्यांनी तो उपसला, टाच धुतली, हळद दाबून चिंधी बांधली आणि सुनेला, सारिकाला, चकार शब्द सांगितला नाही.

पण मन थाऱ्यावर राहीना. लहानपणी त्यांनी चुलत्याला धनुर्वातात पाहिलं होतं. दातखीळ बसलेली, चमच्याने पाणीही आत जाईना. संध्याकाळच्या आरतीला शालूबाई एकेक ओळ तोंड भरभरून म्हणत होत्या. जबडा उघडतोय ना, एवढंच पाहत होत्या.

"आई, आज आवाज भारीच लागलाय!" सारिका हसली.

"देवीचं नाव घ्यायचं, तर चोरून कशाला घेऊ?" त्या म्हणाल्या.

सकाळी घटावर माळ बांधताना मात्र त्यांना टाच टेकवेना. सारिकाने चिंधी पाहिली.

"काय झालं?"

"काटा गेला गं."

"काट्याला एवढी हळद?" तिने चिंधी सोडली. टाच लालबुंद, तटतटलेली. "आई, हा काटा नाही. खरं सांगा."

सांगावं लागलं. सारिका चप्पल घेऊन आली. "चला दवाखान्यात."

"चप्पल न्हाई घालायची मी. अन् या पायानं डांबरावरनं चालवत न्हाई."

मागच्या दाराने हौशीराम आत डोकावला. घोडीला पॉइंटावर नेता नेता बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं. "मावशी, मी माझ्या राणीला दरसाल धनुर्वाताची सुई टोचून घेतो. घोडी घेती, अन् तुमी घेत न्हाई व्हय?"

"तुज्या घोडीनं नवस बोललाय का रं?"

हौशीराम हसायला गेला आणि मध्येच थांबला. "खिळा माज्याच तबेल्यातला, मावशी. परवा नाल बदलली. झाडलेलं सगळं तसंच भरलं मी. चुकलंच."

शालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर घटाशेजारच्या दिव्यावर होती. ओंकार पहाटेच माल भरून घाट उतरला होता. "मी आज चप्पल घातली, अन् तिकडं काय झालं, तर?"

मग सारिकाने स्वतःच्या पायातल्या चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"उरलेल्या माळा मी अनवाणी. तुम्ही चप्पल घाला."

"नवस माजा हाय."

"नवरा माझा आहे ना, आई?"

शालूबाई लंगडत घटापुढे बसल्या. हात जोडून देवीला मोठ्याने सांगितलं, "बाई, हितनं म्होरं हिचे पाय मोज. रागावली असशील, तर माज्यावर रागव, पोरावर नको." कौल बिल काही मिळाला नाही. ज्योत होती तशी जळत राहिली. त्यांनी सुजल्या टाचेवर चपलेचा पट्टा ओढला, तेव्हा त्यांना देवापुढे उघडं पडल्यासारखं वाटलं.

सारिका दार लावायला परसात गेली. ढिगाजवळून जाणाऱ्या तिच्या भेगाळलेल्या टाचा शालूबाईंनी पाहिल्या आणि त्या ओरडल्या, "तितं पाय टाकू नगंस! अन् ऐक, तू बी सुई घ्यायची."

"मला काय लागलंय?"

"लागायची वाट बघती व्हय?"

एकीच्या पायात चप्पल आणि दुसरी अनवाणी, अशा दोघी लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची सुई घ्यायला निघाल्या.