माझ्या देखत कधी बंद न पडलेली गाडी

वडगावात आमचे चार माग होते, आणि साड्यांचे गठ्ठे निपाणीच्या व्यापाऱ्याकडं पोचवायला एक जुनी पेट्रोलवरची पिकअप. ती चालवायला उचगावचे एक वयस्क ड्रायव्हर होते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

त्या वर्षी गाडी मध्येच बंद पडायला लागली. म्हणजे आप्पा तसं सांगायचे. मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, पंपसुद्धा नवा बसवला. मी स्वतः जवळच्या टिळकवाडीपर्यंत चालवून बघितली, तर झकास पळाली.

"देवाशपथ बंद पडतीया, अण्णा," आप्पा म्हणायचे. "लांब गेलं की आचके देती आन् थांबती. काठी घालून पेट्रोल बघतो, तर असतंय. मग किल्ली मारली की चालू हुती." सगळं उत्तर त्या बोलण्यातच होतं, पण माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एकदा मी सोबत गेलो. जाताना संकेश्वरला पेट्रोल भरलं, येताना चहाला थांबलो तेव्हा आप्पांनी सवयीनं टाकीत काठी घालून बघितली. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

मग व्यापाऱ्याचा निरोप आला, गठ्ठे पुन्हा उशिरा पोचले. त्यात कुणीतरी माझे कान भरले, गाडी म्हणे दारूच्या गुत्त्यासमोर उभी दिसली. मी मुळातच भडक डोक्याचा. आजवर आप्पांना अहोजाहो करणारा मी मागावरच्या सगळ्या माणसांसमोर अरेतुरेवर आलो. "गाडी बंद पडत न्हाई, तू पाडतोस! पिऊन लोळतोस आन् गाडीवर ढकलतोस! ठेव किल्ली आन् चालू लाग!"

"मी थेंबाला शिवत न्हाई, अण्णा," एवढंच ते म्हणाले. किल्ली ठेवली आणि चालू लागले. मला ते खोटंच वाटलं.

पुढं वर्षभर पिकअप गावातल्या गावातच फिरली. निपाणीचा माल दुसऱ्याच्या टेंपोतनं जायचा. एक दिवस टेंपो आला नाही, म्हणून मीच पिकअप घेऊन निघालो. तवंदी घाटात तिनं दोन आचके दिले आणि थांबली. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली. किल्ली मारली, लगेच सुरू!

झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबची रबरी चकती होती. ती मीच कापून बसवली होती, पावसाचं पाणी टाकीत उतरू नये म्हणून. तिनं झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजवलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल पुढं येईना. झाकण उघडलं की गाडी पुन्हा चांगली; मी सोबत होतो तेव्हा तर ते वाटेत दोनदा उघडलं होतं. जवळच्या फेरीला तर काहीच कळायचं नाही. अक्कल पाजळली मी आणि शिक्षा भोगली त्या माणसानं. घाटातच बसून रडलो, खोटं कशाला सांगू?

माल टाकून परतताना तसाच उचगावला गेलो. आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. चकती त्यांच्या हातात दिली, सगळं सांगितलं आणि पाय धरले. "माझं चुकलं, आप्पा. जोडा काढून मारा, पण परत या."

शिव्या घालतील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चकती उलटीसुलटी करून बघितली आणि खाली ठेवली.

"मागल्या म्हैन्यात आला असतासा तर लई बरं झालं असतं, अण्णा," ते म्हणाले. "आमच्या हिला दम्यानं नेलं. रोज इचारायची, खरं सांगा, पीत हुता न्हवं? मालक उगंच काढतील व्हय? पोरांची शपथ घेतली तरी पटलं न्हाई तिला. जायच्या आदल्या दिवशी हात धरून म्हणाली, आता मी न्हाई बघायला, तेवढी दारू सोडा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सोडतो म्हटलं."