‘माझा’ म्हणाले तेव्हा

न्यूझीलंडमध्ये पापाकुराला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पुन्हा सॉफ्टबॉल खेळायला लागले. हा बेसबॉलसारखाच खेळ, फक्त चेंडू मोठा आणि मैदान लहान. अमरावतीला कॉलेजात असताना मी टीममध्ये होते. नंतर लग्न, पुण्यातली नोकरी, व्हिसा, यात सगळं मागे पडलं. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, आमच्या क्लबात बायकांच्या टीमला खेळाडू कमी पडतात, येतेस का? मी त्याच शनिवारी जाऊन ग्लव्ह घेतला.

आमची कॅप्टन पन्नाशीची माओरी बाई होती. आठवडाभर बस चालवायची आणि शनिवारी पिचिंग करायची, म्हणजे समोरच्या बॅटरला चेंडू टाकायची. मला तिने लेफ्ट फील्डला, मैदानाच्या मागच्या भागात एका बाजूला, उभं केलं, माझी जुनीच जागा. माझ्या शेजारी, मधल्या सेंटर फील्डला, बावीस-तेवीस वर्षांची एक टोंगन मुलगी होती. ती बालवाडीत शिकवायची. केस कमरेपर्यंत लांब, त्यांची घट्ट वेणी घालून ती टोपीच्या मागून बाहेर काढायची. टीममध्ये सगळ्यात जोरात धावणारी तीच.

सीझनची पहिली मॅच ऑक्टोबरात झाली. वारा सुटला होता. शेवटचा डाव चालू होता, आम्ही पाच-चार असे पुढे होतो. समोरच्या टीमच्या दोघी बाद झाल्या होत्या आणि दोघी बेसवर होत्या. एक कॅच घेतला की तिसरीही बाद, डाव संपला आणि मॅच आमची.

चेंडू उंच उडाला आणि माझ्या नि तिच्या मधोमध यायला लागला. अशा वेळी नियम साधा असतो, जी आधी ओरडेल तिचा चेंडू, दुसरीने थांबायचं. मी ओरडले. मोठ्याने, तीन वेळा, कॉलेजात शिकवलं होतं तसं. “माझा, माझा, माझा.”

मी मराठीत ओरडले हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मान वर, ग्लव्ह वर, चेंडू अगदी हातात येत होता. तेवढ्यात ती डावीकडून येऊन माझ्यावर आदळली. मी पडले. ती माझ्या अंगावरून पलीकडे, हातावर पडली. चेंडू गवतात गेला आणि बेसवरच्या दोघी धावत होम बेसला पोचल्या, दोन रन झाले. पाच-सहा.

पलीकडच्या बायका नाचत होत्या. ती मात्र उठली नाही. गुडघ्यांवर बसून उजवं मनगट डाव्या हातात धरून ती नुसती बघत राहिली. हात जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

मॅच बघायला आलेल्या तिच्या भावाने तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. आम्ही बेस उचलायला लागलो. कॅप्टन माझ्याजवळ आली.

“पहिलीच मॅच आहे,” ती म्हणाली. “उन्हाळासुद्धा अजून सुरू झालेला नाही. मंगळवारी प्रॅक्टिसला ये.”

मी मंगळवारी गेले नाही. पुढच्या मंगळवारीही गेले नाही.

मॅच हरल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं असतं. पण मला तो आवाज ऐकू यायचा, तिचा नाही, माझाच. ऑफिसात कोड तपासताना, सुपरमार्केटच्या रांगेत, पोळ्या लाटताना. भर दुपारी कोणी कानाशी ओरडावं तसं, “माझा, माझा, माझा.” हातातलं लाटणं थांबायचं. मग मी मनातल्या मनात इंग्रजी शब्द म्हणून बघायचे, चित्र बदलतंय का ते. चित्रात ती थांबायची, आणि मग पुन्हा आदळायची.

नवरा म्हणाला, “अगं, खेळ होता तो. खेळात लागतंच.”

“तिला माझ्यामुळे लागलं.”

“मग तिला भेटून ये. मला सांगून काय उपयोग?”

तो चिडून बोलला, पण बरोबर बोलला. त्या रविवारी मी नारळाच्या वड्या केल्या आणि तिच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं, हसून आत घेतलं. ती सोफ्यावर बसली होती, कोपरापर्यंत प्लास्टर. केस अर्धवट सुटले होते, आणि आई रोज घाईघाईने कशीबशी गाठ मारते म्हणून त्यांचा गुंता झाला होता.

मी घरून इंग्रजीत वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी एका दमात म्हणून टाकली. मी चुकीच्या भाषेत ओरडले, तुला कळणं शक्यच नव्हतं, चूक माझी आहे.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला ऐकू आलं होतं. शब्द नाही कळला, पण तू चेंडू मागतेयस हे कळलं. मला तो हवा होता. पहिली मॅच, शेवटचा कॅच. म्हणून मी थांबले नाही.”

मी विचारलं, “वेणी घालून देऊ का?”

अर्धा तास लागला. गुंता सोडवताना ती दोनदा कळवळली, पण थांब म्हणाली नाही. त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत दर शनिवारी सकाळी मी तिच्याकडे जायचे, वेणी घालायचे आणि तिला गाडीतून मैदानावर न्यायचे. ती डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत स्कोअर लिहायची.

मी परत खेळायला लागले, पण परतल्यावरच्या तिसऱ्या मॅचमध्ये तसाच एक चेंडू आला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. चेंडू माझ्या आणि सेंटर फील्डला तिच्याऐवजी खेळणाऱ्या मुलीच्या मध्ये पडला. कॅप्टनने मला बाजूला घेतलं.

“ओरड,” ती म्हणाली. “चुकीचं ओरडलीस तरी चालेल. गप्प राहू नकोस.”

त्या वर्षी टीम अधेमधे कुठेतरी राहिली. पहिल्या मॅचबद्दल कोणी बोलत नव्हतं. एकदा मी विषय काढला तर बॅटरच्या मागे बसणाऱ्या आमच्या कॅचरला समोरची टीम कोणती होती तेही आठवेना.

हिवाळ्यात ती मुलगी ब्रिस्बेनला राहायला निघाली. तिकडे बालवाडीत नोकरी मिळाली होती. क्लबच्या हॉलमध्ये आम्ही तिला निरोप दिला, सगळ्यांनी घरून जेवण आणलं होतं. भांडी धुताना आम्ही दोघीच होतो. मनगट गार पाण्यात दुखतं म्हणून ती फक्त पुसत होती.

“तुला खरंच ऐकू आलं होतं?” मी विचारलं.

तिने एक ताटली पुसायला घेतली. “वारा फार होता ना त्या दिवशी,” ती म्हणाली आणि ताटली ढिगावर ठेवली. मी पुढे विचारायच्या आत तिला कोणीतरी फोटोसाठी बोलावलं.

यातलं खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही. तिने मला सोडवण्यासाठी पहिल्यांदा खोटं सांगितलं असेल. नाहीतर पहिल्यांदा खरं बोलली आणि जाताना ते ओझं तिला नको झालं असेल. दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकते आणि काही दिवस विसरते.

पुढच्या सीझनला मी कॅप्टनला म्हटलं, मला आत, सेकंड बेसजवळ खेळव. तिथे चेंडू बहुतेक जमिनीवरून येतो, कोणाचा ते ओरडावं लागत नाही. तिने कारण विचारलं नाही. मी तिथे चार वर्षं खेळले आणि बरी खेळले.