बोंबलांशेजारी वाळत घातलेली रेकॉर्ड

मंडळी, आज दुपारी वरोरला घरी आलो, तर माझी सर्वांत लाडकी रेकॉर्ड, साठच्या दशकाच्या अखेरचा हार्ड रॉक अल्बम, बोंबलांशेजारी उन्हात! कव्हरवर बुरशी दिसली म्हणून आईने काळजीने वाळत घातली होती. तबकडी पापडासारखी वाकली होती.

"टाक आता," काका हसले. "तसाही त्यात नुसता आरडाओरडा."

तरी मी ती लावली. सुई होडीसारखी वरखाली झाली, गिटारचा सूर हेलकावला, पण गाणं शेवटपर्यंत वाजलं.

आई म्हणाली, "बघ, सुकवली म्हणून वाजली!"

कव्हरला बोंबलाचा वास लागलाय. राहू दे. मी ती टाकणार नाही. उद्या आवाज वाढवणार, काकांनी कान झाकावेत.

तुम्ही टाकली असती का?