मिठाच्या रस्त्यावर बाबा मागे

बाबांना मागे बसवून मोटरसायकल चालवायची म्हणजे अख्खं आरटीओ ऑफिस पाठीवर घेऊन फिरणं. नामिबियात पहिल्या दहा मिनिटांतच हे मला कळलं. पुढे सगळं वाळवंट अजून बाकी होतं.

कल्पना माझीच, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? मी तेव्हा जर्मनीत वाल्डॉर्फमध्ये सॉफ्टवेअरचं काम करत होते, आणि पस्तिशी उलटल्यावर तिथल्या फारश्यूलमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, धडे घेऊन मोटरसायकलचं लायसन्स काढलं होतं. पुण्यात आमच्या घरी मोटरसायकल होती, पण तिला हात लावायचा मान आधी बाबांचा, मग दादाचा. मला लेडीज सायकल. "तुला झेपायची नाही गं," हे बाबांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की लायसन्स मिळाल्या मिळाल्या मी त्याचा फोटो त्यांना पाठवला. उत्तर आलं, "फोटो काही बरा आला नाही."

म्हणून ते तीन महिन्यांसाठी जर्मनीत आले तेव्हा मी ठरवूनच टाकलं. यांना मागे बसवायचं, समुद्राकाठच्या वाळवंटातून न्यायचं, आणि "चांगली चालवतेस" एवढं यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. बास. बाबा चक्क लगेच हो म्हणाले.

नामिबियात भाड्याने गाडी देणारा म्हातारा जर्मन बोलणारा निघाला. तो मला "आल्झो, टायरची हवा, गेनाऊ" करत समजावतोय, तेवढ्यात बाबांनी खिशातून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं. वाल्डॉर्फहून आणलेलं लिंबू! तो माणूस बघतच राहिला. आता दृष्ट लागणं जर्मनमध्ये काय सांगू, कपाळ? "आमच्यात रिवाज आहे," म्हणून वेळ मारून नेली.

निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळू, मध्ये मिठाचा रस्ता. खारं पाणी मारून मारून कडक केलेला. वाळला की डांबरासारखा, धुक्याने भिजला की शेवाळलेल्या फरशीसारखा. आणि धुकं रोज सकाळी हजर. त्यात तिथे आपल्यासारखं डावीकडून चालवायचं आणि माझा हात बसलेला जर्मनीत, उजवीकडून. झालं! खांद्यावर बाबांची एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे ब्रेक.

"समोर काही आहे का गं?"

"काही नाही बाबा, वाळू आहे."

"नीट बघ."

दोन मिनिटं जात नाहीत तोच पुन्हा, "आता काय आलं?"

"वाळूच!"

तिसऱ्या दिवशी खांदा ठणकायला लागला. त्या सकाळी धुक्यात लागोपाठ चार थापा पडल्या आणि माझं डोकंच फिरलं. गाडी रस्त्याकडेला लावली, बाबांना उतरवलं, हेल्मेट काढलं आणि ओरडले, "घ्या किल्ली! मला झेपत नाही ना? मग तुम्हीच चालवा!"

बाबांनी किल्ली घेतली नाही. हातमोजे काढून त्यांची नीट घडी घातली.

"मी गाडी कशी चालवणार? मला आता धड दिसत नाही."

डोळ्यांचा पडदा. हळूहळू दृष्टी जाणार, असं पुण्याच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. दादाला सांगितलं नाही, मला नाही, कोणालाच नाही. मला कळवळा यायला हवा होता. पण आला तो सणकून राग. वर्षभर गप्प बसतात म्हणजे काय? आणि असल्या घसरड्या रस्त्यावर, ज्याला धड दिसत नाही असा माणूस, माझ्या मागे?

"मग एवढ्या लांब आलात कशाला?" मी म्हणाले. "दिसत नाही तर काय बघायला आलात इथे?"

"तुला," बाबा म्हणाले. "म्हटलं, थोडं दिसतंय तोवर तुला गाडी चालवताना बघून घ्यावं. तर तू मला मागे बसवलंस. मागून काय दिसणार? नुसतं हेल्मेट."

मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेच्या वाळूत नेऊन उभं केलं. "इथून हलायचं नाही," असं दरडावलं, तेही रडत रडत. मग एकटीच पुढे गेले, वळले आणि त्यांच्या अगदी जवळून, पहिल्या गिअरमध्ये, पाठ ताठ ठेवून गेले.

"दिसले का?" मी ओरडून विचारलं.

"दिसलीस," बाबा म्हणाले. "पुन्हा ये."

मी गाडी वळवली.