कळमनुरीला अर्धाच पोहोचलेला निरोप

सकाळी सात वाजता नांदेडला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, मोबाईल आणि एक नाव एवढंच होतं. नसरीन. गाव कळमनुरी, जिल्हा हिंगोली. पत्ता नव्हता.

मी पुण्यात बसून ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांसाठी दुभाषाचं काम करते. ती माणसं आपापल्या गावाहून मला व्हिडिओ कॉल लावतात. मोबाईल समोरच्या दुकानदाराकडे किंवा साहेबाकडे वळवतात. तो जे बोलतो ते मी खुणांच्या भाषेत सांगते आणि त्यांच्या खुणांचं उत्तर त्याला बोलून ऐकवते. कळमनुरीची नसरीन दोन वर्षांपासून असे कॉल लावायची. पंचेचाळिशीची, ब्लाउज शिवणारी बाई. कधी शिलाईच्या कापडावरून, कधी बँकेतल्या फॉर्मवरून. तिच्या घरातलं मी एवढंच पाहिलं होतं: हिरवी भिंत, शिलाई मशीन आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी.

गेल्या गुरुवारी तिने हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसमोरून कॉल लावला. बरेच दिवस तिला धूसर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, औषधाने जाणार नाही, असाच राहिला तर हळूहळू दिसणं बंद होईल; पण ऑपरेशन केलं तर पहिल्यासारखं दिसेल, मंगळवारी या. मी सगळं खुणांनी सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, पडद्यावरची नसरीन केव्हाची हललेली नाही. रेंज गेली होती. चित्र कोणत्या शब्दावर थांबलं ते मला कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर तिचा मोबाईल बंदच. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, आम्ही चिठ्ठी दिली, बाई निघून गेल्या. शनिवार गेला. ‘औषधाने उपयोग नाही, दिसणं बंद होईल’ एवढंच तिच्यापर्यंत गेलं असेल तर? जी बाई डोळ्यांनीच ऐकते तिला मी काय सांगून बसले, या विचाराने मला जेवण जाईना. रविवारी संध्याकाळी गाडी पकडली.

घाईत जी बस मिळाली ती वारंग्याच्या फाट्यापर्यंतच जाणारी निघाली. फाट्यावर उतरून काळीपिवळीत (प्रवासी जीपमध्ये) बसले. दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चालू होती. शेताशेतांत हळद शिजवायचे बॉयलर लागले होते, पांढरी वाफ रस्त्यावर येत होती आणि तिचा उग्र, मातकट वास जीपभर भरला होता. शेजारी जवळच्या तांड्यावरची एक बाई बसली होती, मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं. एवढ्या लांबून काहून आलात, असं तिने विचारलं. मी मोबाईलवरून काय काम करते ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिच्या फोनवरही हवामान सांगणारी एक बाई येते.

“ती बोलती आन ठिवून देती,” ती म्हणाली. “आपुन काही विचारावं म्हनलं तर ऐकूनच घेत न्हाई. तुमी निदान आलात.”

वेळेत आले की नाही, ते अजून ठरायचं होतं.

कळमनुरीच्या स्टँडवर उतरून गाड्यावर चहा घेता घेता चौकशी केली. ब्लाउज शिवणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या नसरीनबाई म्हटल्याबरोबर चहावाल्याने मशिदीमागच्या गल्लीकडे हात केला आणि पैसे न घेता म्हणाला, त्यांच्या पाहुण्या असाल तर राहू द्या. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी दिसली तेव्हा माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली.

दार तिच्या आईने उघडलं. सगळे त्यांना खाला म्हणतात. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरून आत घेतलं आणि हलक्या आवाजात बोलायला लागल्या. खरं तर हळू बोलायची गरज नव्हती.

“चार दिस झाले, डोळे मिटून शिवून राहिली. मोबाईल पेटीत ठिवला. लई तकलीफ हाय तिला, पण काय झालं ते मला सांगून न्हाई राहिली.”

आतल्या खोलीत हिरव्या भिंतीला टेकून नसरीन बसली होती. डोळे घट्ट मिटलेले. डाव्या हाताची बोटं कापडाच्या काठावरून पुढे सरकत होती आणि उजव्या हातातली सुई त्यांच्या मागोमाग जात होती. टाके वाकडे पडत होते. मधेच सुई बोटात शिरली. तिने बोट तोंडात धरलं, डोळे मात्र उघडले नाहीत. ती आंधळेपणाचा सराव करत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आई असेल असं वाटून तिने तो झटकला. मी पुन्हा ठेवला. तेव्हा तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि हातातलं कापड खाली पडलं.

मी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ खुणेने सांगितलं, “ऑपरेशन. मग दिसेल. सगळं दिसेल.”

तिने मला तीन वेळा तेच सांगायला लावलं. मग तिचे हात चालू झाले. “तूच म्हणालीस, बंद होणार.”

“त्याच्यापुढे मी आणखी सांगितलं होतं. ते तुला दिसलं नाही.”

तिने उठून पेटीतून मोबाईल आणि त्याच्याखालची घडी घातलेली चिठ्ठी काढली. इंग्रजीत लिहिलेल्या त्या चिठ्ठीवर उद्याची तारीख होती. तिला ती पैसे भरल्याची पावती वाटली होती. मी तारखेवर बोट ठेवलं. ती माझ्या दंडावर एक चापट मारून रडायला लागली आणि मी सगळं खालांना सांगितलं तशा त्याही रडायला लागल्या. मीही कोरडी राहिले नाही. मग नसरीनने डोळे पुसले आणि विचारलं, प्रवासात काही खाल्लंस का?

खालांनी खिचडी आणि खट्टा (चिंच, तीळ घालून केलेलं पातळ सार) वाढला. शनिवारपासून मी पहिल्यांदा पोटभर जेवले. नसरीनने दोनदा मागून घेतलं. खाला म्हणाल्या, चार दिवसांत तिने असं जेवण केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघी हिंगोलीला गेलो. तिथे नवीनच अडचण निघाली. डोळ्यावर कापड टाकल्यावर तिला काही सांगायचं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं. भूल फक्त डोळ्यापुरती, आणि ती हलली तर धोका. मोबाईल, पडदा, माझे हात, काहीच उपयोगाचं नव्हतं. तोडगा नसरीनने काढला. माझा हात घेऊन तिने एकदा दाबला, म्हणजे हलू नको. दोनदा दाबला, म्हणजे थोडंच राहिलं. तळव्यावर बोटाने गोल काढला, म्हणजे संपलं. डॉक्टर हसले आणि मला आत यायला हिरवा झगा दिला.

आत मी तिचा हात धरून स्टुलावर बसले. डॉक्टर सांगतील तसं एकदा दाबायचं, दोनदा दाबायचं. तिचा हात गार होता, पण तो एकदाही हलला नाही. शेवटी मी तळव्यावर गोल काढला, तेव्हा तिने माझी बोटं इतकी जोरात आवळली की दुखली.

बुधवारी पट्टी निघाली. नसरीनने आधी भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे, मग सुईने टोचलेल्या स्वतःच्या बोटांकडे. मग बराच वेळ माझ्याकडे पाहून खूण केली, “मोबाईलमध्ये तू तरुण दिसतेस.” मी ते खालांना बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टरांसकट सगळे हसले. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. ती यावेळी नसरीनने माझ्याकडून समजून घेतली आणि घरच्या कॅलेंडरवर तिची खूण करायचं ठरवलं.

परतीच्या गाडीत मी नांदेडपासून दौंडपर्यंत झोपले. जागी झाल्यावर वाटलं, माझं काम मी रेंजच्या भरवशावर सोडून दिलं होतं. या व्हिडिओ कॉलमुळेच नसरीन दोन वर्षं एकटी बँकेत जाऊ शकली, हे खरं. पण निरोप निघाला म्हणजे पोहोचला, असं मी धरून चालले होते. आता आम्ही सगळे दुभाषे कॉल संपला की त्यातली महत्त्वाची गोष्ट छोट्या व्हिडिओत पुन्हा सांगून पाठवतो. रेंज येईल तेव्हा तो पोहोचतो. घरच्या दुसऱ्या कुणाचा नंबरही घेऊन ठेवतो. आणि दवाखान्यातलं काही सांगायचं असलं तर मी शेवट आधी सांगते, बाकीचं मागून.

घरी पोहोचले तेव्हा माझा थोरला भाऊ दारातच उभा होता. त्यालाही ऐकू येत नाही. ही भाषा मी त्याच्याकडूनच शिकले. काय झालं, असं त्याने भुवया उंचावून विचारलं. मी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि म्हणाले, “तिला दिसतंय.” मग चपला काढल्या आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला बसले.