आलोच

"आलोच, आलोच," पप्पा भडंगाच्या दुकानातून ओरडले तेव्हा ते अजून रांगेत होते आणि स्टँडवर माझ्या मुंबईच्या बसचं इंजिन सुरू झालं होतं.

"तुझ्या पप्पांचं आलोच म्हंजे चप्पल शोधायला लागलेत असं समज," खिडकीखाली उभी असलेली आई म्हणाली. गाडी हलली आणि पप्पा धापा टाकत पळत आले. भडंगाची पिशवी त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. "म्हटलं हुतं न्हवं, आलोच म्हणून." या धांदलीत निरोपाचं रडणं राहूनच गेलं. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून मी अशी निघाले, पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास करायला, थेट स्कॉटलंडला.

तिथं माझा विषय होता शास्त्रातला काळ. जुन्या करारातले संदेष्टे उद्याची गोष्ट भूतकाळात सांगतात. नगर धडधाकट उभं असतं आणि हे म्हणतात, पडलं. लोक परमुलखात कैदेत असतात आणि हे म्हणतात, सुटले. असं का, यावर विद्वानांचं अजून जमत नाही. कुणी म्हणतं, घडून गेल्यावर लिहिलं असणार. कुणी म्हणतं, इब्री म्हणजे हिब्रू क्रियापदाला काळाशी फारसं देणंघेणं नाही, काम पुरं झालं की नाही एवढंच ते बघतं. आणि कुणी म्हणतं, देवाने शब्द दिला म्हणजे झालंच, असा तो भरवसा.

वर्गात हे चाललेलं असताना मला एकदम भडंगाचं दुकान दिसलं. मी हात वर करून 'आलोच' सांगितलं. माणूस निघालेलाही नसतो, पण बोलतो आल्यासारखं, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खोटं वाटत नाही. आमच्या प्राध्यापक बाईंनी तो शब्द मला फळ्यावर लिहायला लावला. मुलगी असून तू 'आलो' कशी म्हणतेस, हे त्यांनी विचारलं नाही हे बरं झालं. कोल्हापूरच्या पोरी तशाच बोलतात, हे पुण्यातल्या मैत्रिणींनाही मी कधी पटवू शकले नाही.

पप्पा फोनवर विचारायचे, "कवा येतीस गं?" मी म्हणायचे, "आलोच." अभ्यास संपला, तरी आलोच. मग स्कॉटलंडमधल्याच विद्यापीठात कायमची नोकरी मिळाली आणि मी घाबरले. आता पप्पांना आलोच म्हणता येणार नव्हतं. आणि तो शब्द गेला तर आमच्यात काय उरेल, हे मला कळत नव्हतं.

शेवटी सांगून टाकलं. "पप्पा, मी आता हिकडंच ऱ्हाणार हाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग पप्पा म्हणाले, "मग आमीच आलो की."

मागून आईचा आवाज आला, "चप्पल शोधाय लागलेत बघ."

मी हसले आणि मग पोटभर रडले, बसस्टँडवर राहिलेलं सगळं. बावड्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं लांब येऊन पडलेल्यांनो, घर कुठं म्हणून मला विचाराल तर मी हेच सांगेन. जिथलं माणूस आलो म्हणालं की आपण चहाचं आधण ठेवतो, ते घर. असं घर मला मिळालं, याबद्दल मी रोज प्रार्थनेत आभार मानते.

दोघांच्या पासपोर्टचा अजून पत्ता नाही. थंडीला पप्पा भितात, विमानाला आई. मी त्यांच्यासाठी दोन जाड स्वेटर आणून खुंटीला लावलेत. शेजारीण विचारत होती, कुणाचे म्हणून.

म्हटलं, आईपप्पा आलेत.